कोर जाड दिसली म्हणून रोजा चुकला का?

शाबान महिन्याची २९ तारीख जवळ आली की आम्हाला तीन वर्षांपूर्वीची आमच्या घरातली एक संध्याकाळ आठवते. अल्लाहच्या कृपेने आज ती आठवण सांगताना आम्हाला हसू येते. पण तेव्हा दोन भावांत अबोला झाला होता आणि एका वृद्ध बाईच्या घशाखाली घास उतरत नव्हता. वाचक बंधू-भगिनींपैकी अनेकांच्या घरी असे कधी ना कधी घडले असेल, म्हणून या महिन्यात त्याविषयीच लिहितो.

गोष्ट २०२३ च्या रमजानची. त्या वर्षी २२ मार्चला शाबानची २९ तारीख होती. मगरिबनंतर महाडच्या आमच्या गच्चीवर लहानथोर सगळे पश्चिमेकडे डोळे लावून उभे होतो. काही दिसले नाही. रात्री कळले की चांद झालेला नाही, शाबानचे तीस दिवस पूर्ण धरायचे आणि पहिला रोजा शुक्रवारी, २४ मार्चला. दुसऱ्या संध्याकाळी आम्ही पुन्हा गच्चीवर गेलो. या वेळी कोर शोधावी लागली नाही. टेकडीच्या चांगली वर, ठसठशीत, नावेसारखी आडवी पडलेली. सर्वांनी दुआ मागितली, एकमेकांना मुबारकबाद दिली. पोलादपूरहून आलेल्या आमच्या फुफी मात्र पदराने डोळे पुसत होत्या.

“ही पहिलीची कोर नाही रे,” त्या म्हणाल्या. “इतकी जाड? ही दुसरीची आहे. आपला एक रोजा गेला.”

फुफींचे दुःख समजून घ्यायला हवे. आदल्या वर्षी आजारपणामुळे त्यांना रोजे धरता आले नव्हते. या वर्षी एकही सोडायचा नाही, असे मनाशी ठरवून त्या आल्या होत्या. त्यात त्यांचा मुलगा जेद्दाला नोकरीला. त्याचा सकाळीच फोन आला होता की आमच्याकडे आज पहिला रोजा आहे. आता ही जाड कोर समोर दिसल्यावर त्यांची खात्रीच पटली. आमचे थोरले भाऊ म्हणाले, “कुणी नीट बघतच नाही, नुसते फोनवर विसंबून राहतात.” धाकट्याला ते लागले. आलिमांच्या निर्णयावर शंका घेणारे आपण कोण, असे तो म्हणाला. शब्दाला शब्द वाढला आणि थोरल्यांनी सांगून टाकले की उद्या आम्ही इफ्तारला येणार नाही.

या गडबडीत आमच्या सातवीतल्या भाचीने एक साधा प्रश्न विचारला, “पण बाकीचा चांद गेला कुठे?”

“पृथ्वीच्या सावलीत,” कुणीतरी उत्तर दिले. आम्हीही मान डोलावली. इथे कबूल केले पाहिजे की ते उत्तर साफ चुकीचे होते आणि आम्ही ते शाळेपासून खरे मानत आलो होतो. भाचीला बरोबर उत्तर देण्यासाठी नंतर आम्ही जे वाचले आणि करून पाहिले, त्यातूनच फुफींच्या शंकेचेही उत्तर निघाले.

चांदला स्वतःचा उजेड नाही

पहिली गोष्ट ही की चंद्र दिव्यासारखा जळत नाही. त्याच्यावर सूर्याचे ऊन पडते, आणि त्यातले जे परत फिरते त्याला आपण चांदणे म्हणतो. सूर्यापासून निघालेला प्रकाश सुमारे आठ मिनिटे वीस सेकंदांत इथवर येतो. चंद्रावरून परतलेला प्रकाश मात्र सव्वा सेकंदाच्या जरा वर आपल्या डोळ्यांत शिरतो, कारण चंद्र सरासरी ३,८४,४०० किलोमीटर अंतरावर आहे.

चंद्र पांढराशुभ्र दिसत असला तरी त्याची जमीन काळपट आहे. तिच्यावर शंभर भाग ऊन पडले तर जेमतेम बारा भाग परत येते. आपल्या महामार्गाचे जुने, झिजलेले डांबर असते तितकीच काळी म्हणा. आजूबाजूचे आकाश त्याहून फार काळे असल्याने तो आपल्याला चांदीसारखा वाटतो. पौर्णिमेच्या चंद्रापेक्षा सूर्य सुमारे चार लाख पट तेजस्वी आहे, यावरून किती थोडे ऊन आपल्यापर्यंत येते ते कळेल.

ही समजूत आजची नाही. आर्यभटांनी इसवी सन ४९९ च्या आपल्या ग्रंथात चंद्र आणि ग्रह सूर्याच्या प्रकाशाने उजळतात असे मांडले. बसऱ्यात जन्मलेले आणि पुढे कैरोत राहिलेले इब्न अल-हैथम यांनी सुमारे हजार वर्षांपूर्वी चंद्राच्या प्रकाशावर स्वतंत्र प्रबंध लिहिला. चंद्र आरशासारखा असता तर आपल्याला त्याच्यावर सूर्याचा एक लहानसा चमकता ठिपकाच दिसला असता. पण तो सगळा उजळलेला दिसतो, म्हणजे उन्हात आलेला त्याचा प्रत्येक भाग सगळीकडे प्रकाश पसरवतो, असे त्यांचे म्हणणे. घरात हे सहज पटते. उन्हात स्टीलचे ताट ठेवा, एकाच जागी डोळे दिपवणारी चमक दिसेल. शेजारची चुन्याची भिंत मात्र कुठूनही पाहा, सगळी उजळ दिसते. चंद्र भिंतीसारखा आहे, ताटासारखा नाही.

एक बल्ब आणि एक चेंडू

आता भाचीच्या प्रश्नाकडे येऊ. हा प्रयोग मुलांना घेऊन नक्की करा. खर्च काही नाही.

रात्री खोलीतले सगळे दिवे बंद करून एकच उघडा बल्ब लावा, मुलाच्या डोक्याच्या उंचीवर. तो सूर्य. मुलाचे डोके ही पृथ्वी. मुलाच्या हातात फिकट रंगाचा रबरी चेंडू द्या आणि हात लांब करून डोक्यापेक्षा किंचित वर धरायला सांगा. तो चांद.

प्रथम मुलाने तोंड बल्बकडे करावे आणि चेंडू बल्बच्या दिशेने धरावा. चेंडूची उजळलेली बाजू बल्बकडे आहे, मुलाच्या वाट्याला काळी बाजू आली. ही अमावास्या. आता चेंडूकडे पाहत पाहत मुलाने जागच्या जागी हळूहळू डावीकडे वळावे. थोडे वळताच चेंडूच्या उजव्या कडेला उजेडाची बारीक रेघ उमटेल. हा आपला हिलाल. आणखी वळून बल्ब बरोबर उजव्या खांद्याकडे आला की चेंडू अर्धा उजळलेला दिसेल. तो महिन्याच्या सातव्या-आठव्या रात्रीचा चांद. बल्बकडे पाठ झाली की चेंडूची पूर्ण बाजू लखलखेल. ही चौदावी-पंधराव्याची रात्र. पुढे वळत राहिले की उजेड घटत जातो आणि आता रेघ चेंडूच्या डाव्या कडेला उरते. ती पहाटेची, महिन्याच्या शेवटची कोर. फजरच्या आधी उठणाऱ्यांनी पूर्वेला ती पाहिलेली असते.

या सगळ्या फेरीत बल्बने चेंडूचा अर्धा भाग कायम उजळलेला ठेवला होता. एकदाही कमी नाही, एकदाही जास्त नाही. बदलले ते एवढेच की त्या उजळ अर्ध्यापैकी किती भाग आपल्या बाजूला वळलेला होता. चांद घटत नाही आणि वाढत नाही, आपण त्याला कोणत्या कोनातून पाहतो ते बदलते.

मुलांना हेही सांगा की चंद्राची कायमची अंधारी बाजू अशी काही नसते. तिथे प्रत्येक जागी आपल्या सुमारे चौदा दिवसांचा दिवस आणि तेवढीच रात्र होते. २३ ऑगस्ट २०२३ ला आपले चांद्रयान-३ उतरले तेव्हा त्या जागी नुकतीच सकाळ झाली होती. चौदा दिवसांनी तिथे सूर्य मावळणार म्हणून यंत्रांचे काम तेवढ्या काळातच उरकायचे होते.

सावलीचे काय?

मग पृथ्वीची सावली कधीच मध्ये येत नाही का? येते, पण फक्त ग्रहणात. प्रयोगात बल्बकडे पाठ केल्यावर चेंडू डोक्याच्या पातळीवर खाली आणा. डोक्याची सावली चेंडूवर पडेल. हे चंद्रग्रहण. ७ सप्टेंबर २०२५ च्या रात्री रबीउल अव्वलचा भरलेला चांद असाच सावलीत गेला होता. रात्री ११ पासून १२ वाजून २२ मिनिटांपर्यंत तो पूर्ण झाकलेला होता. म्हणजे सावलीचा खेळ काही तासांचा, आणि तो पौर्णिमेलाच होतो. दर पौर्णिमेला होत नाही, कारण चंद्राची वाट पृथ्वीच्या वाटेला सुमारे पाच अंशांनी तिरकी आहे. बहुतेक वेळा तो सावलीच्या वरून किंवा खालून निघून जातो. चेंडू डोक्यापेक्षा वर धरायला सांगितला तो यासाठीच.

आणखी एक पुरावा उघड्या डोळ्यांनी मिळतो. महिन्याच्या सातव्या तारखेला असरची नमाज झाल्यावर आकाशात पाहा. सूर्य पश्चिमेला असतो आणि अर्धा चांद डोक्यावर चढत असतो. दोघे एकाच वेळी दिसतात. पृथ्वीची सावली तर सूर्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला पडणार. मग डोक्यावरच्या चंद्राला ती अर्धा कशी कापेल? भाचीने हे ऐकले आणि दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन मैत्रिणींना सांगितले. आम्ही मात्र हे समजायला निम्मे आयुष्य घालवले.

फुफींची जाड कोर

आता मुख्य गोष्ट. चंद्र सूर्याच्या दिशेला येऊन पुन्हा त्याच दिशेला यायला सरासरी २९ दिवस, १२ तास आणि ४४ मिनिटे घेतो. म्हणूनच आपले महिने कधी २९ चे, कधी ३० चे. या वरच्या सुमारे पावणेतेरा तासांमुळे अमावास्येचा क्षण दर महिन्याला वेगळ्या वेळी येतो. कधी सकाळी, कधी भर दुपारी, कधी मध्यरात्री. आपण मात्र कोर पाहतो ती ठरलेल्या वेळी, सूर्य मावळल्यावर. त्यामुळे पहिल्यांदा दिसणारी कोर दर महिन्याला सारख्याच वयाची असू शकत नाही.

२०२३ च्या त्या मार्चमध्ये अमावास्येचा क्षण २१ तारखेच्या रात्री १० वाजून ५३ मिनिटांनी आला. २२ तारखेला सूर्य मावळला तेव्हा कोरीचे वय जेमतेम २० तास होते. आपल्याला दिसणाऱ्या चकतीचा सुमारे एक टक्का भाग तेव्हा उजळलेला होता. केसासारखी रेघ, तीही मावळतीच्या लख्ख प्रकाशात. २३ तारखेच्या संध्याकाळी तीच कोर ४४ तासांची झाली आणि उजेड चार-पाच टक्क्यांवर गेला. वय दुपटीपेक्षा थोडे वाढले, पण उजेड चार-पाच पट झाला. चंद्र सूर्यापासून दूर सरकू लागला की कोर सुरुवातीला अशीच झपाट्याने भरते. म्हणूनच ती फुफींना दुसरीची वाटली.

थोडक्यात, जाडीवरून तारीख ठरत नाही. एखाद्या महिन्याची पहिली कोर २० तासांची आणि बारीक असेल, दुसऱ्या महिन्याची ४० तासांची आणि ठसठशीत असेल. दोन्ही पहिल्याच.

आमच्या मौलाना साहेबांना फुफींनी विचारले तेव्हा त्यांनी सहीह मुस्लिममधील एक रिवायत सांगितली. उमऱ्याला निघालेल्या काही लोकांना वाटेत हिलाल दिसला. तो मोठा दिसल्याने कुणी म्हणाले दोन रात्रींचा, कुणी म्हणाले तीन रात्रींचा. हजरत इब्ने अब्बास (रजि.) यांनी त्यांना विचारले की तुम्ही तो कोणत्या रात्री पाहिला, आणि तो त्याच रात्रीचा धरावा असे सांगितले. म्हणजे फुफींची शंका चौदाशे वर्षांपूर्वीच्या प्रवाशांनाही पडली होती. चांद झाला की नाही हे ठरवणे आलिमांचे आणि हिलाल कमिटीचे काम. त्यात आम्ही पडत नाही. पण कोर मोठी दिसली म्हणून त्यांनी हलगर्जी केली असे म्हणणे चूक आहे, एवढे आकाशच सांगते.

जेद्दाच्या फोनचेही तसेच. जेद्दात सूर्य महाडपेक्षा सुमारे सव्वादोन तासांनी मावळतो. तेवढ्या वेळात चंद्र सूर्यापासून आणखी एखादा अंश दूर गेलेला असतो. पश्चिमेकडे जावे तशी त्याच संध्याकाळची कोर थोडी जास्त वयाची मिळते. शिवाय प्रत्येक देशाचा आधीचा महिना कधी सुरू झाला यावरही पुढचा हिशेब अवलंबून असतो. तारीख वेगळी आली म्हणजे दोघांपैकी एकाने खोटे सांगितले, असे होत नाही.

आपले डोंगर

थोरल्या भावांची तक्रार होती की कुणी नीट बघत नाही. महाड-पोलादपूरच्या लोकांनी इथे स्वतःवर थोडी दया करावी. आपण खाचेत राहतो. पूर्वेला सह्याद्रीची भिंत, पोलादपूरला तर आंबेनळी घाट डोक्यावरच. पश्चिमेलाही समुद्र नाही, टेकड्या आहेत.

हात लांब करून मूठ आकाशासमोर धरली तर ती साधारण दहा अंश झाकते. आकाश तासाला पंधरा अंश फिरते, म्हणजे एक अंश सरकायला चार मिनिटे. पहिल्या संध्याकाळची बारीक कोर सूर्यामागून पाऊण-एक तासात मावळते. सूर्य बुडाल्यावर पहिली पंधरा-वीस मिनिटे आभाळ इतके उजळ असते की ती दिसत नाही. आभाळ काळवंडते तोवर ती खाली आलेली असते. पश्चिमेची टेकडी पाच अंश उंच असेल, म्हणजे अर्धी मूठ, तर शेवटची वीस मिनिटे टेकडीनेच खाल्ली. नेमकी तीच मिनिटे महत्त्वाची होती. श्रीवर्धन-मुरूडच्या किनाऱ्यावर उभ्या असलेल्या माणसाला मात्र समुद्राच्या रेषेपर्यंत मोकळे आकाश मिळते. तिकडून साक्ष आली आणि आपल्याला काही दिसले नाही, तर त्यात आश्चर्य कसले?

ऋतूचाही फरक पडतो. मार्चच्या आसपास आपल्याकडे संध्याकाळी चंद्राची वाट क्षितिजातून जवळजवळ सरळ वर जाते. म्हणून कोर सूर्याच्या डोक्यावर, नावेसारखी आडवी दिसते आणि टेकडीच्या वर टिकते. सप्टेंबरच्या सुमारास ती वाट तिरकी होते. कोर तेवढ्याच वयाची असूनही खाली, बाजूला कललेली असते आणि लवकर डोंगराआड जाते. पावसाळ्याचे चार महिने तर बोलायलाच नको. ढगांत हिलाल दिसला नाही तर तीस दिवस पूर्ण करावेत, ही सवलत आपल्या कोकणाला किती उपयोगी आहे ते इथे राहणाऱ्यालाच कळते.

या चंद्राच्या कलेशी आपला संबंध ईदपुरता नाही. अमावास्या आणि पौर्णिमेला सूर्य, चंद्र आणि पृथ्वी एका रेषेत येतात, दोघांची ओढ एकवटते आणि खाडीला उधाण येते. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते. सावित्रीचे पाणी खाडीतूनच समुद्राला मिळते. भरती जोरात असेल तेव्हा नदीचे पाणी उतरायला वेळ लागतो, म्हणून आपले जुने लोक पावसाळ्यात तिथी पाहत. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरचा जुना ब्रिटिशकालीन पूल दोन एसटी गाड्यांसह वाहून गेला, ती अमावास्येची रात्र होती. २१ जुलै २०२१ ला आपण बकरी ईद केली. त्या रात्रीपासून पाणी चढत गेले आणि २२ तारखेला महाड पाण्याखाली होते. पौर्णिमा दोन दिवसांवर होती. ढगांच्या वर चंद्र नव्वद टक्क्यांच्या आसपास उजळलेला होता, आणि खाली माणसाला माणूस दिसत नव्हता. पूर आला तो पावसाने, चंद्राने नव्हे. पण मुसळधार पाऊस आणि उधाण एकत्र यायची शक्यता असेल तेव्हा सामान वेळेवर माळ्यावर चढवणे शहाणपणाचे.

कोरीशेजारचा शुक्र

आता त्या अबोल्याचे काय झाले ते सांगतो. २४ मार्चला पहिली इफ्तार झाली. थोरले भाऊ खरेच आले नाहीत. फुफींनी खजूर तोंडात टाकला, पण पुढे ताटातले चिवडत बसल्या. इतक्यात भाची गच्चीवरून ओरडत आली, “लवकर चला, चांदला तारा चिकटलाय!” त्या संध्याकाळी देशभर लोकांनी हे दृश्य पाहिले. कोरीला खेटून एक तेजस्वी ठिपका होता. तो तारा नव्हता, शुक्र ग्रह होता. भारतात काही ठिकाणांहून तर तो थोडा वेळ चंद्राआड गेलेलाही दिसला. भाचीने थोरल्या मामूंना फोन केला. ते वरच्या आळीतच राहतात. चप्पल पायात अडकवून आले आणि गच्चीवर सगळ्यांत येऊन उभे राहिले. कुणी कुणाला काही विचारले नाही. धाकट्याने त्यांच्यासमोर भज्यांची बशी धरली.

शुक्रालाही स्वतःचा उजेड नाही. त्याच्यावर दाट ढगांचे आवरण आहे आणि ते पडलेल्या उन्हाचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग परत पाठवते, म्हणून तो इतका चमकतो. त्यालाही कला असतात. गॅलिलिओने १६१० मध्ये दुर्बिणीतून त्या पाहिल्या. शुक्र कधी कोर, कधी अर्धा, कधी जवळजवळ पूर्ण दिसतो, हे तो सूर्याभोवती फिरत असेल तरच शक्य होते. पृथ्वी विश्वाच्या मध्यभागी आहे या जुन्या समजुतीला त्याने मोठा धक्का बसला.

त्या संध्याकाळी दोघे शेजारी दिसत होते, पण चांद दहा टक्के उजळलेला होता आणि शुक्र सुमारे ऐंशी टक्के. शेजाऱ्यांत इतका फरक का? कारण ते शेजारी नव्हतेच. चंद्र सूर्याच्या अलीकडे, आपल्या अगदी जवळ होता, त्यामुळे त्याची काळी बाजू आपल्याकडे होती. शुक्र तेव्हा सूर्याहूनही लांब, पलीकडच्या बाजूला होता, त्यामुळे त्याची उजळ बाजू आपल्याकडे होती. घरच्या प्रयोगात चेंडू बल्बच्या अलीकडे धरा आणि मग दुसऱ्या कुणाला बल्बच्या पलीकडे चेंडू धरायला सांगा, म्हणजे हे लगेच दिसेल. बुध आणि शुक्र सूर्याच्या जास्त जवळून फिरतात म्हणून त्यांना सगळ्या कला आहेत. मंगळ फार तर थोडा कमी भरलेला दिसतो. गुरू आणि शनी इतक्या लांब आहेत की त्यांची उन्हातली बाजूच आपल्या वाट्याला येते. त्यांची कोर पृथ्वीवरून कधीच दिसत नाही.

भाचीने आपल्या वहीत नेहमीप्रमाणे कोरीच्या दोन टोकांमध्ये चांदणी काढली होती. मग तिची तिलाच शंका आली, “तिथे तर बाकीचा चांद आहे ना? मग चांदणी दिसेल कशी?” अगदी बरोबर. त्या जागी चंद्राचे अंधारे शरीर आहे, त्यामागचा तारा झाकला जाणार.

तो बाकीचा चांद त्या संध्याकाळी दिसतही होता. नीट पाहिल्यावर कोरीच्या कुशीत संपूर्ण गोल अंधूक राखाडी दिसला. तिथे ऊन पोहोचत नाही. तो उजेड पृथ्वीचा. आपले समुद्र आणि ढग यांवर पडलेले ऊन उलटून चंद्रावर जाते आणि तिथून पुन्हा आपल्याकडे येते. आपल्याला चांद कोर दिसतो तेव्हा चंद्रावरून पृथ्वी जवळजवळ भरलेली दिसेल. भाचीच्या पहिल्या प्रश्नाचे खरे उत्तर हे. बाकीचा चांद कुठेच गेला नव्हता, आपल्याच उजेडात बसला होता.

तरावीह झाल्यावर स्वयंपाकघरात बल्ब लावून आम्ही चेंडूचा प्रयोग केला. पृथ्वी व्हायला फुफी स्वतः स्टुलावर बसल्या. हळूहळू वळत त्यांनी पहिली बारीक रेघ पाहिली, थोडे पुढे सरकल्यावर जाड रेघ पाहिली. “म्हणजे काल दिसली ती हीच, फक्त आदल्या दिवशी ही आपल्याला दिसली नव्हती,” त्या म्हणाल्या. आम्ही म्हणालो, होय. त्यांनी चेंडू भाचीच्या हातात दिला आणि सहरीला काय करायचे ते विचारायला लागल्या.

या शाबानच्या २९ तारखेला मुलांना घेऊन गच्चीवर जा. दिवसा आधी पश्चिमेची टेकडी किती मुठी उंच आहे ते मोजून ठेवा. सूर्य जिथे बुडाला त्याच्या वर आणि जरा बाजूला पाहा. सूर्य पूर्ण मावळण्याआधी दुर्बीण कुणाच्या हाती देऊ नका, डोळ्याला कायमची इजा होते. कोर दिसली तर मशिदीत जाऊन सांगा, नाही दिसली तर तीस पूर्ण करा. आणि दुसऱ्या दिवशीची कोर जाड दिसली तर घरातल्या वडीलधाऱ्यांना एक बल्ब आणि एक चेंडू दाखवा.